खिंडीपलीकडचा वाटाड्या

कारखान्यातली शेवटची एकोणीस वर्षे दर वर्षअखेरीस मी तपासणी विभागाचा वार्षिक आढावा लिहीत असे. तो कोणी वाचत नाही, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळले. निरोप समारंभात साहेबांनी माझेच एकोणीस आढावे सुरेख दोरीने बांधून मला भेट दिले, आणि घरी येऊन पाहतो तो त्यांतल्या सतरांची पाकिटे फोडलेलीही नव्हती. (उरलेली दोन कोणी फोडली असावीत, याचा मी बरेच दिवस विचार केला. एकात चहाचा डाग होता.) सांगायचा मुद्दा असा, की वाचक नसलेला मजकूर नेटका लिहिण्याचा मला दांडगा अनुभव आहे. त्याच बळावर मी आमच्या घरातल्या खेळाच्या वर्षाचा हा आढावा लिहायला बसलो आहे. योजलेले रविवार सव्वीस. प्रत्यक्षात खेळले गेलेले नऊ. ही तफावत कशी पडली, ते क्रमाने सांगतो.

माझ्याकडे सहा जणांचे जेवणाचे टेबल आहे. ते घेतले तेव्हा घरात माणसे होती. आता मी त्याच्या एका टोकाला जेवतो आणि दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र ठेवतो. मधला भाग फक्त पुसायचा असतो. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला सूनबाईंनी त्या मधल्या भागावर एक भला मोठा खोका आणून ठेवला आणि म्हणाल्या, की बाबा, आता एक रविवार आड आम्ही तिघे येत जाऊ, चौघांनी मिळून हा खेळ खेळू. चिरंजीव शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. बसने पन्नास मिनिटे. एरवी त्यांचे येणे सणासुदीला किंवा माझा रक्तदाब वाढला की, यांतले जे आधी होईल तेव्हा. खेळ कोणता आहे, याच्याशी मला खरोखर कर्तव्य नव्हते. एक रविवार आड दुपारी तीन वाजता दारावरची घंटा वाजणार, याच्याशी होते.

खेळ असा. एक बर्फाळ खिंड आहे. अलीकडे चार प्रवासी आणि सहा खेचरे, पलीकडे गाव, आणि मध्ये बारा लांडगे. प्रवासी म्हणजे वाटाड्या, वैद्य, खेचरवाला आणि स्वयंपाकीण. फासे टाकून चौकटीचौकटीने पुढे सरकायचे. दर फेरीला बर्फाचे एक पान उलटायचे. चाळीस पाने संपली की खिंड बंद. चौघेही पलीकडे पोहोचले तर सगळे जिंकतात, आणि एक जरी मागे राहिला तरी सगळे हरतात. एकमेकांना हरवायची सोयच नाही हे ऐकून चिरंजीव प्रथम थोडे खट्टू झाले. पण खेचरे मिळाल्यावर खुलले. सूनबाई वैद्य झाल्या. नऊ वर्षांच्या नातीने, जिला आम्ही सगळे ठिणगी म्हणतो, स्वयंपाकीण घेतली, कारण पावांचा साठा तिच्या हातात असतो. वाटाड्या मी झालो. त्याच्याजवळ दोर होता, आणि दोर मोजता येतो.

खोक्यातली नियमांची पुस्तिका सोळा पानांची होती आणि अत्यंत ढिसाळ होती. मी तिची कलमवार मांडणी केली. एकूण सत्तेचाळीस कलमे, तीन परिशिष्टे, पाने एकेचाळीस. चिरंजिवांनी ती हातावर तोलून पाहिली आणि विचारले, की बाबा, ही वाचेपर्यंत बर्फ वितळणार नाही का? मी दुर्लक्ष केले. पहिल्या डावात लांडग्यांनी आम्हांला वीस मिनिटांत फस्त केले. सूनबाईंनी आपली सगळी औषधे एका खेचराला पाजली होती आणि चिरंजीव घाईघाईने थेट दरीत शिरले होते. चहा गार होईपर्यंत तिघे हसत होते. मी नोंदवहीत 'पराभव, फेरी अकरा' असे लिहिले. वहीत हसण्याला रकाना नव्हता.

असे चार रविवार झाले. चौथ्या रविवारी ठिणगी म्हणाली, की सगळेच राखाडी आहेत, माझी बाई आणि लांडगा लांबून एकसारखे दिसतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या आकृत्या खरोखरच कारखान्यातून आल्या तशा, बिनरंगाच्या होत्या. मी म्हणालो, रंगवू. ती म्हणाली, तुम्हांला येतं? तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकाला हा प्रश्न विचारू नये, हे तिला अजून कळत नाही.

कोणताही नग रंगवण्यापूर्वी त्याची मापे तपासतात. हा जगभरचा प्रघात आहे. मी व्हर्नियर काढला आणि बावीसही आकृत्या तपासल्या. त्यांत लांडगा क्रमांक सात हा खांद्याच्या उंचीत आपल्या अकरा भावांपेक्षा शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर कमी भरला. आता हा लांडगा मुळात खुजा असेल, असे एखादा म्हणू शकेल. पण बाकीचे अकरा एकाच साच्याचे असताना बाराव्याने खुजे असण्याचे कारण नाही. मी खेळ बनवणाऱ्या कंपनीला सहा पानी अहवाल पाठवला, सोबत मापांचा तक्ता. उत्तराची अपेक्षा नव्हती. अशा अहवालांना उत्तर येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण सव्वा महिन्याने टपाल कचेरीतून चिठ्ठी आली, की आपले पार्सल अडवून ठेवले आहे.

खिडकीवरच्या बाईंनी मला पार्सल दाखवले. वर लिहिले होते: लांडगे, नग बारा. कंपनीने दिलगिरीदाखल पूर्ण कळप बदलून दिला होता. बाई म्हणाल्या, प्राणी असतील तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. खोक्याचा कोपरा फाटलेला होता आणि त्यातून एक शेपूट बाहेर आली होती. मी ती त्यांना दाखवली.

"मला दिसतंय ना काका, प्लॅस्टिक आहे," बाई अगदी समजुतीने म्हणाल्या. "पण कागदावर लांडगे आहेत. आणि मला पुढे कागद पाठवायचाय."

मला त्यांचा राग आला नाही. मीही आयुष्यभर नगापेक्षा कागदाला जास्त मानले आहे. पशुवैद्यकीय अधिकारी तीन दिवस दौऱ्यावर होते आणि चौथ्या दिवशी एका म्हशीत गुंतलेले होते. पाचव्या दिवशी त्यांनी माझा अर्ज वाचला, मग मला वाचले, आणि दाखला दिला: 'नमूद बारा लांडगे कागदोपत्री तपासले. श्वसनक्रिया आढळण्याची शक्यता नाही. लसीकरण: लागू नाही.' असा स्वच्छ दाखला मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता. मी त्यांना तसे सांगितलेही. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरला आणि घरी कोण कोण असतं, असे विचारले. मी म्हणालो, सध्या चोवीस लांडगे. ते हसले नाहीत.

रंगकामाला सुरुवात केल्यावर मला शोध लागला, की इमारतीतल्या प्रत्येक माणसाला लांडग्याच्या रंगाबद्दल ठाम मत आहे. समोरच्या दारातले निवृत्त भूगोल मास्तर म्हणाले, बर्फाळ प्रदेश असल्याने लांडगा पांढराच हवा. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, अंग कसेही रंगवा, दात मात्र पिवळट ठेवा, मांसाहारी जनावराला शुभ्र दात असणे अनैसर्गिक आहे. आणि त्यांनी बारीक कामासाठी आपली दोन जुनी टोकदार हत्यारे आणून दिली, ज्यांच्याकडे पाहून माझीच दाढ ठणकू लागली. वरच्या मजल्यावर सौंदर्यप्रसाधनाचे दुकान चालवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी वैद्याच्या गालांना किंचित लाली सुचवली आणि वाटाड्याकडे पाहून, याचं काही होण्यासारखं नाही, असा अभिप्राय दिला. एरवी ही मंडळी जिन्यात भेटली तर पाणी आले का एवढेच विचारतात. त्या काळात मात्र रोज कोणी ना कोणी येऊन माझ्या खांद्यावरून वाकून पाहत असे. आकृत्या सुकल्यावर ते यायचे थांबले, हे येथे केवळ क्रमाने येते म्हणून सांगतो.

शेवटचे काम रोगणाचे. त्याला वास फार, म्हणून गच्चीत करावे असे मी ठरवले. इमारतीचे चिटणीस म्हणाले, गच्चीचा वापर म्हणजे ठराव लागेल. अर्जाच्या छापील नमुन्यात कारणांचे तीनच चौकोन होते: गळती, पाहुणे आणि वाळवण. मी वाळवणावर खूण केली, आणि ते खोटेही नव्हते. समितीने पाऊण तास चर्चा करून परवानगी दिली. अट एवढीच, की कामाच्या वेळी समितीचा एक सदस्य हजर असावा. प्रत्यक्षात पाच आले, खुर्च्या घेऊन. त्यांतल्या एकाने लांडगा क्रमांक अकरा पाहण्यासाठी उचलला, उजेडाकडे धरला, आणि त्याला शिंक आली. टाकीचे झाकण नेमके तेव्हाच का उघडे होते, याची चौकशी नंतर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर सूचना होती: 'टाकीत लांडगा पडल्यामुळे उद्या टाकी धुतली जाईल. पाणी भरून ठेवावे.' चिटणीस अचूक माणूस आहे. त्यांनी एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता. पण दोन बिऱ्हाडांनी त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवले नाही, आणि पुढचा महिनाभर माझ्याकडे पाहून जिन्यात कुजबुज होत असे.

या सगळ्याला साडेचार महिने लागले. तेवढा काळ अर्थातच खेळ बंद होता. एका रविवारी तिघे आले तेव्हा टेबलभर ओले लांडगे होते, म्हणून आम्ही चौघांनी स्वयंपाकघरात उभ्याने चहा घेतला. ठिणगीने विचारले, आज काय खेळायचं? मी म्हणालो, आज काही नाही, आज वाळतंय. सूनबाई म्हणाल्या, मग पुढच्या वेळी फोन करूनच येऊ. मला ते सोयीचे वाटले.

रंगवलेला संच ज्या रविवारी मांडला, तो दिवस मात्र मी विसरणार नाही. तिघे टेबलाभोवती फिरले. स्वयंपाकिणीच्या निळ्या एप्रनवर मी पांढरे ठिपके दिले होते, प्रत्येक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा. ठिणगीने तिला तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेले. "आजोबा," ती म्हणाली, "हिच्या डोळ्यांत पांढरं पण आहे." आणि मग ती खेळ संपेपर्यंत माझ्या खुर्चीला चिकटून बसली. तो डाव आम्ही जिंकलो. वर्षातला तो एकमेव विजय.

चूक येथून पुढे झाली. तपासणी विभागात तीस वर्षे काढलेल्या माणसानेच करावी, अशी ती चूक होती.

मंडळी गेल्यावर मी भिंग घेऊन सर्व नग पुन्हा तपासले. खेचर क्रमांक दोनच्या कानाचा रंग उडाला होता. स्वयंपाकिणीच्या पाठीवर वेफरच्या तेलाचा ठसा होता, आणि अंगठ्याच्या मापावरून तो ठिणगीचा होता. पुढच्या रविवारी मी टेबलाशेजारी साबण, पाणी आणि पंचा ठेवला. त्यापुढच्या रविवारी आकृती केवळ तळाशी धरावी, असे अठ्ठेचाळिसावे कलम केले. तरीही एका लांडग्याचे नाक झिजले. मग मी पांढरे सुती हातमोजे आणले, चार जोड्या. ठिणगीला हातमोजे मोठे होत होते आणि तिचे फासे त्यातून सारखे निसटत. चिरंजीव हातमोजे घालून काही वेळ स्वस्थ बसले आणि मग म्हणाले, की आता कोणाला तरी टाके घालायचे असतील तर सांगा. मी हसलो नाही. मोज्यांनीही रंगावर ओरखडे येत होते आणि माझे लक्ष त्यात होते.

अखेर मी तो प्रश्न मुळापासून सोडवला. काचेचे एक कपाट करून घेतले, आत दिवा बसवला, आणि बावीसही आकृत्या त्यात ओळीने मांडल्या. खेळण्यासाठी आठ मिलिमीटरचे बावीस नट घेतले आणि प्रत्येकावर ठशाने क्रमांक ठोकला. नट झिजत नाही. नट धुता येतो. नट खाली पडला तर आपटल्याचा आवाज येतो, म्हणजे हरवण्याचीही भीती नाही. याहून निर्दोष रचना मला आजही सुचत नाही.

त्या रविवारी ठिणगीने आपला नट उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला. ही कोण, म्हणून विचारले. मी सांगितले, स्वयंपाकीण, क्रमांक चार. मग ती कुठंय? मी कपाटाकडे बोट केले आणि म्हणालो, तिथे, सुरक्षित. तिने तिकडे पाहिले आणि नट खाली ठेवला. अर्ध्या डावात तिला झोप आली. निघताना दारात चिरंजीव थांबले.

"बाबा, आम्ही तुमच्याकडे येतो की शिफ्टला येतो?"

सूनबाईंनी त्यांना कोपराने ढोसले आणि मला म्हणाल्या, तसं काही नाही हो, तो दमलाय.

त्यानंतरच्या रविवारी ठिणगीला सर्दी होती. त्यापुढच्या रविवारी तिच्या शाळेचा काही प्रकल्प होता. नंतर चिरंजिवांच्या कार्यालयातले पाहुणे. नोंदवहीत मी अनुपस्थितीचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना आखला, आणि चौथ्या वेळी त्यात आडवी रेघ ओढली, कारण त्या वेळी कोणी कारण सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

तीन वाजता मात्र मी टेबल मांडत असे. सवय. एका रविवारी मांडून झाल्यावर वाटले, मांडलेच आहे तर खेळावे. चार जणांच्या वतीने खेळणे तसे कठीण नाही. गेल्या नऊ डावांतली प्रत्येकाची प्रत्येक चाल माझ्याकडे नोंदलेली होती. चिरंजीव नऊपैकी आठ वेळा जवळची वाट धरतात, मग तिथे दरी असो वा लांडगा. सूनबाई शेवटचे औषध कधीही स्वतःसाठी ठेवत नाहीत. मी खुर्च्या बदलत खेळत असे, म्हणजे त्या त्या जागेवरून पट जसा दिसतो तसाच दिसावा. चिरंजिवांच्या खुर्चीवरून दार दिसते. सूनबाईंच्या खुर्चीवरून काचेचे कपाट. आणि ठिणगीच्या खुर्चीवरून, खाली सरकून तिच्या उंचीला बसले असता, समोर फक्त मी बसतो ती खुर्ची दिसते.

वाटाड्याबद्दल माझा सिद्धांत पहिल्यापासून पक्का होता. दोरामुळे तो इतरांपेक्षा दुप्पट वेगाने चालतो. त्याने आधी पलीकडे पोहोचावे आणि बाकीच्यांची वाट पाहावी. नियमाने त्याला माघारी येता येते, पण परतीच्या प्रत्येक चौकटीला बर्फाचे एक पान खर्ची पडते, म्हणून मी ते कधी केले नव्हते. एकट्याने खेळलेल्या सहा डावांतही केले नाही. सहाही वेळा वाटाड्या गावात वेळेवर पोहोचला आणि सहाही डाव आम्ही हरलो. आम्ही म्हणजे मी.

सातव्या डावात स्वयंपाकिणीजवळ एकच पाव उरला आणि तिच्यासोबत दोन उपाशी खेचरे होती. ठिणगी येथे काय करील? मी वही उघडली. हाच प्रसंग तिच्यावर तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा तिने वेगळेच काही केले होते. का केले, ते वहीत नव्हते. त्या त्या वेळी ती काहीतरी म्हणाली होती, एवढे आठवत होते. ती बोलत असे तेव्हा मी फासे लिहून घेत असे. मी बराच वेळ तिच्या खुर्चीवर बसून राहिलो. मग फोन केला.

"एक पाव, दोन खेचरं," मी म्हणालो. "तू काय करशील?"

"दोघांना अर्धा अर्धा," ती लगेच म्हणाली.

"अर्धा पाव देता येत नाही. कलम एकोणीस."

"आमच्याकडे देतात."

"आमच्याकडे म्हणजे?"

मग ती म्हणाली, की आई हाक मारतेय, आणि फोन ठेवला. मागे कोणीही हाक मारली नव्हती. तीस वर्षे यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या कानालाही एवढे कळते.

पुढच्या रविवारी, न कळवता, मी तीनची बस धरली. अचानक तपासणीचा अधिकार मला नोकरीत होता. तो निवृत्तीनंतर उरतो की नाही, यावर मी पन्नास मिनिटे विचार केला. त्यांच्या दारापाशी पोहोचलो तो आतून फाशांचा आवाज आला. दाराला कान लावून उभे राहणे असभ्य आहे. मी चार मिनिटे उभा राहिलो.

आत चिरंजीव माझ्या आवाजात बोलत होते. वाटाड्या प्रथम दोर मोजील, मग परिशिष्ट दोन पाहील, मगच पाऊल टाकील. ठिणगी खिदळत होती. सूनबाई म्हणाल्या, छे, ते आधी चष्मा पुसतात, मग घसा खाकरतात, तू ते विसरलास. मग थोडा वेळ फासे. मग ठिणगीचा आवाज: आता आजोबा परत येणार.

"तुझे आजोबा परत येत नसतात," चिरंजीव म्हणाले. "ते पलीकडे जाऊन थांबतात."

"आमचे येतात," ती म्हणाली.

मी घंटा वाजवली. आत खुर्च्या सरकल्या, मग कापड झटकल्यासारखा आवाज. चिरंजिवांनी दार उघडले. टेबलावर चादर पसरलेली होती आणि चादरीला बावीस टेंगळे आली होती. सूनबाई हातात रिकामी बशी घेऊन उभ्या होत्या. ती कशाला उचलली, ते त्यांनाही ठाऊक नसावे. मी विचारले, सर्दी कशी आहे. ठिणगी म्हणाली, कोणाची?

"बाबा, हा आम्ही दुसरा आणला," सूनबाई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता. "तुमच्याकडे हात लावायची भीती वाटायला लागली हो. तुम्ही एवढं केलंत आणि आमच्या हातून काहीतरी मोडलं तर. म्हणून मग इथेच."

मी मनात एक वाक्य जुळवले. त्यात 'कळवले असते तर' होते आणि 'माझी हरकत नव्हती' होते. व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण होते. बूट अजून काढले नव्हते, त्यामुळे ते वाक्य बोलून सरळ निघता आले असते. पण ठिणगीने तेवढ्यात चादर ओढली. दोन लांडगे जमिनीवर पडले आणि कोणीही ते तपासले नाहीत. खेचराला एक पाय नव्हता. एका लांडग्याच्या शेपटीवर दातांचे ठसे होते. सगळे राखाडी. फक्त चौथ्या, रिकाम्या खुर्चीसमोरच्या वाटाड्याला स्केचपेनाने चष्मा काढला होता. एक काच दुसरीपेक्षा बरीच मोठी होती.

मी त्या खुर्चीवर बसलो आणि सवयीने हात पुढे केला. ठिणगीने वाटाड्या माझ्या हाताखालून काढून घेतला. म्हणाली, आज आजोबा व्हायची पाळी माझी आहे, आमचं ठरलंय तसं. तुम्ही माझी बाई घ्या. डाव नव्याने मांडला आणि मी स्वयंपाकीण झालो. सबंध वर्षात मी तो मोहरा चालवला नव्हता, एकट्याने खेळताना सोडून, आणि तेव्हा तो वहीतून चालवला होता. मला काहीच सुचेना. एकच पाव उरला तेव्हा मी तो अर्धा अर्धा दिला. त्यात माझ्या दोन फेऱ्या गेल्या आणि मी लांडग्यांमध्ये अडकून खिंडीच्या मध्यावर मागे राहिलो. बाकीचे तिघे गावात पोहोचलेले. बर्फाची सात पाने शिल्लक. ठिणगीने वाटाड्या उचलला आणि माघारी वळवला.

मी म्हणालो, असे करू नकोस, परतीच्या चौकटीला पान जाते, हिशेब जुळत नाही, तू पलीकडेच थांब.

"गप्प बसा आजोबा," ती म्हणाली. "वाटाड्या मी आहे."

ती तीन चौकटी मागे आली. मग चिरंजीव म्हणाले, आम्ही दोघं तरी गावात एकटे काय करणार, आणि खेचरवाल्याला घेऊन परत फिरले. त्यांच्यामागून वैद्य. इतका गैरवाजवी डाव मी पाहिलेला नाही. माझ्यापर्यंत येता येता सातही पाने संपली, खिंड बंद झाली, आणि चौघेही एकाच चौकटीत सापडलो. ती चौकट चार जणांसाठी केलेली नव्हती. माझी स्वयंपाकीण अर्धी पटाबाहेर लोंबकळत होती. सूनबाईंनी आपल्या वैद्याला बोटाने थोडे बाजूला केले.

"या बाबा," त्या म्हणाल्या, "आत सरका."